लोकरीचा बागुलबुवा

एका डोंगराच्या पायथ्याशी, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या अशा गावात, घोंगड्या विणणारी एक बाई राहत होती. तिचे नाव हौसा. तिचा नवरा घोंगड्यांचे गाठोडे पाठीवर टाकून गावोगावचे बाजार करत फिरायचा, त्यामुळे घरात बहुतेक वेळा ती आणि तिची पाच वर्षांची मुलगी अशा दोघीच असायच्या. मुलीला सगळे भिंगरी म्हणत. ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती.

घोंगडीचे काम तसे सवडीचे. लोकर पिंजावी, सूत कातावे, मध्येच उठून भाकरी थापावी, पुन्हा येऊन बसावे. पण खळीचा दिवस तसा नसतो. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची चिकट खळ करायची आणि अंगणात ताणून धरलेल्या उभ्या धाग्यांना ती कुंच्याने लावायची. एकदा सुरुवात केली की शेवटच्या धाग्यापर्यंत थांबता येत नाही. मध्येच हात काढला तर अर्धे धागे वाळतात, अर्धे ओले राहतात, गुठळ्या होतात आणि मागावर चढवले की तटातटा तुटतात. दहा दिवसांचे कातणे फुकट जाते.

आणि नेमके त्याच दिवशी भिंगरीला काहीतरी व्हायचे. कधी मुंगी चावायची, कधी कोंबडी अंगावर यायची, कधी नुसतेच आईच्या कुशीत शिरावेसे वाटायचे. ती भोकाड पसरायची आणि हौसाचे दोन्ही हात खळीत बरबटलेले असायचे.

एकदा असेच झाले आणि हौसा वैतागून म्हणाली, "गप्प बस बघू! परसातल्या विहिरीत बागुलबुवा असतो. रडणाऱ्या पोरांचा आवाज त्याला बरोबर ऐकू जातो. येतो नि घेऊन जातो!"

भिंगरी तिथल्या तिथे गप्प झाली. हौसाने निवांत खळ लावली.

पुढच्या खळीला हौसाने बागुलबुवाला दात दिले. त्याच्या पुढच्या खळीला केस दिले. वर्षभरात बागुलबुवा चांगला थोराड झाला आणि भिंगरी रडायची थांबली. शेजारच्या गोदाक्का कौतुकाने म्हणायच्या, "हौसा, पोर म्हणावी तर अशी. आमच्याकडची बघ, सकाळपासून भोंगा सुरू! तू काय मंत्र घातलास गं हिला?"

"वळण लावावं लागतं, अक्का," हौसा म्हणायची. तिला मनातून बरे वाटायचे.

अशाच एका खळीच्या सकाळी भिंगरी कुंपणाजवळ खेळत होती. खेळता खेळता ती थबकली, मटकन खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी पाय धरला. हौसाने धाग्यांवरून नजर न काढता विचारले, "काय झालं गं?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली.

त्यानंतर चार दिवस ती फारशी खेळली नाही. ओट्यावर बसून राहायची. पोर जरा शांत झाली, मोठी व्हायला लागली, असे हौसाला वाटले. पाचव्या दिवशी सकाळी तिला उठवायला गेली तर अंग तापलेले. तिने पांघरूण काढले. उजवा पाय घोट्यापर्यंत सुजून भोपळ्यासारखा झाला होता.

गावात वैदूबाबा होते. काटे-कुरुपे काढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. ते आले, खाली बसले, पाय मांडीवर घेतला.

"बाभळीचा काटा आत मोडलाय," ते म्हणाले. "पण मोडलाय कुठं ते दिसत नाही. वरचं तोंड मिटलंय. पोरी, मी हळूहळू दाबत जातो. जिथं कळ येईल तिथं ओरड. मोठ्यानं ओरडलीस तरी चालेल."

त्यांनी टाचेवर दाबले. "इथं दुखतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"इथं?"

भिंगरीचे डोळे पाण्याने भरले. ओठ तिने इतके घट्ट मिटले की ते पांढरे पडले. "नाही," ती म्हणाली.

वैदूबाबांनी पुन्हा सगळा पाय दाबून पाहिला. प्रत्येक वेळी तेच उत्तर. शेवटी त्यांनी पाय खाली ठेवला आणि हौसाला बाजूला नेले.

"लेकी, तीस वर्षं काटे काढतोय मी. काटा कुठं आहे ते माझी बोटं सांगत नाहीत, ज्याला दुखतं तो सांगतो. हिचं तोंड उघडत नाही. अंदाजानं चिरलं आणि शीर कापली तर पाय कायमचा अधू होईल. आज आणि उद्या कडुलिंब-हळदीचं पोटीस बांध. परवा सकाळी मी येतो. त्याच्यापुढं थांबता येणार नाही. तोवर तिला बोलती कर."

ते गेल्यावर हौसा मुलीजवळ येऊन बसली. "भिंगरे, एवढं दुखत होतं तर रडली का नाहीस गं?"

भिंगरीने परसदाराकडे पाहिले आणि आईला जवळ ओढून कानात सांगितले, "त्याला ऐकू गेलं असतं ना."

 हौसाने मुलीचा हात हातात घेतला. "बाळा, बागुलबुवा नसतोच. मी खोटं सांगितलं होतं."

"हळू बोल, आई!" भिंगरीने आपला तापलेला तळवा आईच्या तोंडावर ठेवला. "तू त्याला घाबरून असं म्हणतेस. मला माहीत आहे."

हौसाने परोपरीने समजावले. विहिरीत डोकावून दाखवले. देवाची शपथ घेतली. पण जी भीती आईच्या तोंडून आत गेली होती, ती आईच्याच तोंडून सांगून बाहेर येईना. भिंगरी मान डोलवायची आणि परसदाराकडे बघायची.

दुपारी पोटीस बदलताना हौसाच्या मनात आले, बोलून केलेली गोष्ट बोलून मोडत नाही. मग ती हातांनी करून बघावी. हातात धरता आली तर मोडताही येईल.

तिने जुन्या धोतराची एक लांब पिशवी शिवली, कोपरापर्यंत हात जाईल अशी. त्यावर कोकराची पांढरी, मऊ लोकर टाचली. कवड्यांचे डोळे लावले, लाल दोऱ्याने हसरे तोंड काढले. हात आत घालून ती भिंगरीपुढे आली. "हा बघ बागुलबुवा! आहे का काही घाबरण्यासारखं?"

भिंगरी पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. तिने बाहुल्याच्या अंगावरून हात फिरवला. "किती गोड आहे गं! पण हा तो नाही." मग तिने बाहुल्याला घाईघाईने पांघरुणात घेतले. "याला बाहेर ठेवू नको. तो याला खाईल."

हौसा चूक कुठे झाली ते समजली. तिने मुलीला आपल्या मनासारखा बागुलबुवा दाखवला होता. मुलीच्या मनातला कसा आहे, हे विचारलेच नव्हते.

"बरं," ती म्हणाली, "मग तो कसा आहे ते तू सांग. तू सांगशील तसा करते. एक धागासुद्धा माझ्या मनाचा घालणार नाही."

 भिंगरीने हळू आवाजात सुरुवात केली. "त्याचे केस काळे आहेत. हातभर लांब. आणि ओले."

"ओले का?"

"विहिरीत राहतो ना! तूच म्हणाली होतीस."

"बरं. डोळे?"

"मोठे, राखाडी. त्यांना पापण्या नाहीत. तो कधीच डोळे मिटत नाही. तूच म्हणाली होतीस."

"आणि दात?"

"खूप आहेत. वाकडेतिकडे. दोन ओळी."

हौसा ऐकत राहिली. प्रत्येक खळीला आपण चिडून जे जे बोललो, ते आपण त्याच दुपारी विसरलो. पोरीने मात्र एकही शब्द सांडू दिला नव्हता. शेवटी भिंगरी म्हणाली, "त्याच्या पोटात तीन मुलं आहेत. रडणारी. चौथी जागा माझी आहे."

हे मात्र हौसा कधी बोलली नव्हती. हे पोरीने एकटीने, ओट्यावर बसून वाढवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कामाला लागली. घरात खळ उरली होतीच. तिने जुन्या कापडाचे चार थर खळीत बुडवून एकावर एक चिकटवले आणि करवंटीवर पालथे घालून उन्हात ठेवले. दुपारपर्यंत ते पुठ्ठ्यासारखे कडक झाले. असे दोन तुकडे, एक वरचा जबडा, एक खालचा. मागच्या बाजूला दोन्ही जोडताना तिने मुद्दाम साधे कापड ठेवले, खळ न लावता, म्हणजे जबडा दुमडेल. चार बोटे वर, अंगठा खाली, की झाले तोंड. आत जुन्या लुगड्याच्या तांबड्या पदराचा तुकडा लावला. जबड्यामागे, कोपरापर्यंत हात जाईल अशी कापडाची पिशवी शिवली, ते त्याचे पोट.

दातांसाठी भोपळ्याच्या बिया घेतल्या. सुईने एकेक बी टोचून दोन ओळींत शिवली.

"ही सरळ झाली," अंथरुणातून भिंगरी म्हणाली. "वाकडी कर."

हौसाने उसवून वाकडी केली.

डोळ्यांना सागरगोटे बसवले. मग केसांची पाळी आली. काळ्या मेंढीची न पिंजलेली लोकर तिने बटांबटांनी घेतली आणि खालून वर ओळीने बांधत गेली, छप्पर शाकारतात तशी. वरची ओळ खालच्या ओळीच्या गाठी झाकत होती. लोकरीत अडकलेल्या कुसळांना तिने हात लावला नाही, कारण भिंगरीने सांगितले होते की तो कधी केस विंचरत नाही. उन्हे कलता कलता काम संपले. शेवटी तिने त्याच्यावर पाण्याचे हात फिरवले. बागुलबुवा ओला झाला.

त्याला हातावर चढवून हौसाने पाहिले आणि तिला स्वतःलाच शहारे आले.

तेवढ्यात गोदाक्का वाटीभर पेज घेऊन आल्या. दारातच दचकल्या. "अगं बाई! हे काय ध्यान आणलंयस?" मग नीट बघून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि हौसाजवळ येऊन कुजबुजल्या, "हौसा, कामच झालं की गं! उद्या वैदूबाबा आले की हे दाखव पोरीला. म्हणावं, हललीस तर खातो. चिडीचूप पडून राहील. बाबांना हवं तिथं चिरू दे. मी पाय धरते."

हौसाने मुलीकडे पाहिले. दोन दिवस हौसाच्या स्वतःच्या पोटात अन्न नव्हते, डोळ्याला डोळा लागला नव्हता. गोदाक्का म्हणतात ते सोपे होते. वर्षभर उपयोगी पडले होते. एकच शब्द, आणि पोर लाकडासारखी पडून राहील.

भिंगरीची नजर बागुलबुवावर खिळली होती. तो तोच होता. ती अंथरुणात मागे सरकत भिंतीला टेकली. "मी रडले नाही," ती त्याला म्हणाली. "काटा टोचला तेव्हासुद्धा नाही. एकदासुद्धा नाही. हवं तर आईला विचार."

"म्हण की गं," गोदाक्का हळूच म्हणाल्या. "म्हण, असंच गप्प राहा म्हणून."

हौसाने तोंड उघडले. तिच्या हाताबरोबर बागुलबुवाचेही तोंड उघडले. ती आवाज बदलणार होती, घोगरा करणार होती. पण तिला तो बदलता आला नाही.

"भिंगरे," बागुलबुवा म्हणाला, "तुझं काहीच चुकलं नाही. मला खळ लावायची होती, म्हणून मी तुला घाबरवलं. मला तुझ्या रडण्याचा कंटाळा आला होता. चूक माझी आहे."

भिंगरीने मान तिरपी केली. बागुलबुवाकडे पाहिले, मग आईकडे, मग पुन्हा बागुलबुवाकडे.

"आई, त्याच्या तोंडातून तुझा आवाज का येतोय?"

"कारण तो माझाच होता गं. पहिल्यापासून माझाच."

 गोदाक्कांनी पेजेची वाटी खाली ठेवली.

हौसाने हात बाहेर काढला आणि बागुलबुवा अंथरुणावर आडवा ठेवला. "पोटात कोण आहे, बघतेस?"

भिंगरीने आधी एक बोट आत घातले आणि झटकन काढले. मग दोन बोटे. मग पंजा. मग हळूहळू, डोळे मिटून, कोपरापर्यंत सगळा हात.

"कोणी आहे?" हौसाने विचारले.

"नाही." बराच वेळ ती आत चाचपत होती. "ऊब आहे फक्त. तुझ्या हाताची." मग म्हणाली, "ती तीन मुलं कुठं गेली?"

"ती नव्हतीच, बाळा."

भिंगरीने बोटे हलवली. बागुलबुवाचे तोंड उघडले, मिटले. तिने पुन्हा उघडले. आणि तशीच, हात आत ठेवून, ती झोपी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैदूबाबा आले. त्यांनी पाते उकळत्या पाण्यातून काढले, पाय मांडीवर घेतला. भिंगरीच्या उजव्या हातावर बागुलबुवा होता. त्याला बघून बाबांच्या भुवया वर गेल्या.

"इथं दुखतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

हौसाच्या मनात आले, वर्षभराची सवय एका रात्रीत कशी सुटणार? बाबांनी अंगठा पायाच्या करंगळीखाली आणला आणि दाबला. भिंगरीचे ओठ पुन्हा पांढरे पडले, घट्ट मिटले. ते काही उघडले नाहीत.

पण बागुलबुवाचे तोंड मात्र हळूहळू उघडू लागले. थोडे उघडले, आणखी थोडे, आणि मग भोपळ्याच्या बियांच्या दोन्ही ओळी दिसतील एवढे उघडले. त्यातून अशी आरोळी बाहेर पडली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या आणि पलीकडच्या वाड्यातल्या मेंढ्या बें बें करू लागल्या.

"इथंऽऽऽ! इथं दुखतंय! खूप दुखतंय! सात दिवस दुखतंय!"

"शाब्बास रे पठ्ठ्या!" वैदूबाबा बागुलबुवाला म्हणाले आणि त्यांनी तिथेच पाते टेकवले. पू वाहिला आणि त्याच्या मागोमाग पेरभर लांबीचा काळा काटा बाहेर आला. बागुलबुवा काटा निघेपर्यंत ओरडत होता. काटा निघाला आणि तो गप्प झाला. मग भिंगरीने त्याला हातातून काढून टाकले, आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि आपल्या स्वतःच्या तोंडाने रडायला लागली.

ती मुंगीसाठी रडली, कोंबडीसाठी रडली, काट्यासाठी रडली. वर्षभराचे सगळे रडून झाले तरी थांबेना. हौसाने तिला एकदाही "गप्प" म्हटले नाही. ती नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वैदूबाबा हात धुताना म्हणाले, "रडू दे. ताप उतरतोय तिचा."

पंधरा दिवसांत भिंगरी पुन्हा अंगणभर पळू लागली. ती आता मुंगी चावली तरी रडायची आणि हौसा खळीचा कुंचा टाकून यायची. दोनदा धागे तुटले, पुन्हा कातावे लागले. पुढे हौसाने युक्ती केली. खळीच्या दिवशी ती गोदाक्कांना बोलावून घेऊ लागली. एकीने कुंचा धरायचा, दुसरीने पोरीकडे बघायचे. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, याचे तिचे तिलाच नवल वाटे.

एके दिवशी गोदाक्का जरा संकोचत म्हणाल्या, "हौसा, तुझा तो केसाळ गडी चार दिवस देतेस का? आमची नात अंधाऱ्या खोलीत जायला मागत नाही. विचारलं तर सांगतही नाही काय ते."

हौसाने बागुलबुवा खुंटीवरून काढला, केस झटकले आणि त्यांच्या हातात दिला.

"न्या की अक्का. पण एक लक्षात ठेवा. याच्यात हात तुम्ही घालायचा नाही. तिला घालू द्यायचा. आणि तो जे बोलेल ते बसून ऐकायचं."

गोदाक्का घरी गेल्या. नातीने बागुलबुवा हातावर चढवला, आणि त्याच दिवशी त्यांना कळले की अंधाऱ्या खोलीतल्या धान्याच्या कणगीमागे साप फिरतो आहे. नातीने तो तीनदा पाहिला होता आणि मोठी माणसे रागावतील म्हणून सांगितले नव्हते.

मग काय, बागुलबुवा घरोघरी फिरू लागला. कुणी त्याला दात जोडून दिले, कुणी उसवलेली शिवण घातली. त्या गावात पोरांची रडारड मात्र वाढली. बाहेरगावचे लोक म्हणत, "काय हा गोंगाट! तुमच्या पोरांना वळण म्हणून नाही." गावातल्या आया नुसत्या हसत आणि जिकडून आवाज आला तिकडे हातातले काम टाकून चालू लागत.

तात्पर्य, लहानथोरांनी मनात ठेवावे ते असे: भीतीने गप्प झालेले मूल शहाणे झालेले नसते, त्याचे दुखणे आपल्याला ऐकू येईनासे झालेले असते, इतकेच.